फ्रीलान्स व्हिडिओचं काम घेताय? आधी या ५ गोष्टी लेखी ठरवा

"तू फक्त शूट कर, पैशांचं बघू नंतर." असं म्हणणारा क्लायंट प्रत्येकाला भेटतोच. मग एडिटमध्ये दहा बदल होतात आणि पेमेंट लटकतं. हे टाळायचं तर शूटच्या आधीच बोलणी लेखी करा. स्टॅम्प पेपरच हवा असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार करार फक्त इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरत नाही. त्यामुळे सगळे मुद्दे ईमेल करा आणि "मान्य आहे" असं उत्तर मागून घ्या.

१. काम नेमकं किती?
किती व्हिडिओ, किती मिनिटांचे, आडवे की उभे, शूटचे दिवस किती, हे लिहा. क्लायंटने रेट कमी करायला सांगितला तर कामही कमी करा. उदा. तीनऐवजी दोन रील्स.

२. बदल किती वेळा?
"दोन वेळा बदल मोफत, पुढे प्रत्येक वेळी अमुक रुपये" असं स्पष्ट ठेवा.

३. पैसे कधी?
समजा काम २०,००० रुपयांचं आहे. १०,००० ॲडव्हान्स, पहिला कट दाखवल्यावर ६,००० आणि उरलेले ४,००० फायनल फाइल देण्याआधी घ्या. तोपर्यंत वॉटरमार्क असलेली कॉपीच पाठवा.

४. कॉपीराइट कोणाचा?
इथे बरेच जण फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन बनवून घेतलेल्या व्हिडिओचा पहिला मालक क्लायंटच असतो, वेगळा करार नसेल तर! म्हणून "पूर्ण पैसे मिळेपर्यंत कॉपीराइट माझा" आणि "पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी" ही दोन वाक्यं टाकाच. रॉ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही, तेही लिहा.

५. काम रद्द झालं तर?
ॲडव्हान्स परत मिळणार नाही आणि झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतील, हे आधीच सांगा.

पेमेंट अडकलं तर?
उद्यम पोर्टलवर मोफत नोंदणी होते, ती काम घेण्याआधीच करून ठेवा. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे तक्रारही करता येते.

आणि हो, हे सगळं मागताना लाजू नका. चांगला क्लायंट लेखी बोलण्याला कधीच नाही म्हणत नाही.