लष्करी न्यायकचेरींतील सवेतन उमेदवारीचें मूळ

अमेरिकेच्या सैन्याच्या न्यायखात्यांत कायद्याच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटींत सुमारें दोन महिने पगारी काम देण्याची पद्धति अलीकडच्या काळांत रूढ झाली आहे. या उमेदवारांस लष्करी हुद्दा नसतो व पुढें सैन्यांत शिरण्याचें बंधनहि नसतें. ही सोय अर्वाचीन नोकरशाहीनें काढली असावी असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु लष्करी न्यायकचेरींतील लेखकास वेतन असावें कीं नाहीं हा प्रश्न त्या सैन्याइतकाच जुना असून त्याचा पहिला निकाल इ. स. १७७५ मध्येंच लागलेला आहे.

ता. २९ जुलै १७७५ रोजीं तेथील काँग्रेसनें विल्यम ट्यूडर यास सैन्याचा जज्ज-अ‍ॅडव्होकेट नेमिलें. त्याचें वय तेव्हां अवघें २५ वर्षांचें होतें. हार्वर्ड येथील पदवी १७६९ मध्यें घेतल्यावर त्यानें कायद्याचें अध्ययन जॉन अ‍ॅडम्स याच्या कचेरींत केलें. त्या काळीं तेथें कायद्याचीं स्वतंत्र विद्यालयें नव्हतीं. विद्यार्थ्यानें वकिलाच्या कचेरींत बसावें, ग्रंथ वाचावे, दस्तऐवजांच्या नकला कराव्या आणि गुरूस बहुधा शुल्कहि द्यावें, असा परिपाठ होता. म्हणजे राबणारा विद्यार्थी आणि पैसे मोजणाराहि तोच.

सैन्यांत हा हिशेब उलटला. ट्यूडरला प्रथम दरमहा २० डॉलर मिळत. छावणींत कोर्टमार्शल जवळजवळ रोज बसे, आणि जबान्या उतरून घेणें, टिपण शुद्ध करणें हें सर्व एकट्याच्या शिरावर. त्यानें ता. २३ ऑगस्ट १७७५ रोजीं सेनापति जॉर्ज वॉशिंग्टन यास पत्र लिहून आपली अडचण मांडली. पुढील महिन्यांत काँग्रेसनें दरमहा ५० डॉलर मंजूर केले. या ठरावांत रक्कम ‘स्वतःस व लेखकास’ मिळून दिली आहे, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. लेखकाचा निराळा आंकडा नसला तरी त्याची गरज सरकारनें येथें मान्य केली.

ही गरज केवळ सोयीची नव्हती. शिक्षेस मंजुरी देणारा सेनापति साक्षी ऐकत नसे. त्याच्यापुढें येई तें टिपण. वॉशिंग्टनच्या रक्षक पथकांतील शिपाई टॉमस हिकी याची चौकशी ता. २६ जून १७७६ रोजीं न्यूयॉर्क येथें झाली. आरोप बंडाचा व शत्रूशीं संधान बांधल्याचा. जज्ज-अ‍ॅडव्होकेट ट्यूडरच होता. चौघांच्या जबान्या झाल्या. आरोपीनें साक्षीदार आणिला नाहीं. टोरी पक्षाच्या लोकांस ठकवून कांहीं पैसे काढावे व शत्रूच्या हातीं सांपडल्यास आपला जीव वांचावा एवढ्यासाठींच आपण त्यांत पडलों, असें त्यानें सांगितलें. ता. २८ रोजीं त्यास फांशीं दिलें. त्या शिपायाचा स्वतःच्या बचावाचा जबाब आज आपणांस वाचावयास मिळतो तो त्या टिपणामुळेंच.

या कचेरींतून शिकून निघालेल्या पुरुषाचें उत्तम उदाहरण जॉन मार्शल याचें आहे. नोव्हेंबर १७७७ मध्यें तो वयाच्या २२ व्या वर्षीं उप जज्ज-अ‍ॅडव्होकेट झाला. विल्यम अँड मेरी विद्यालयांत जॉर्ज विथ याचीं कायद्यावरील व्याख्यानें त्यानें ऐकिलीं तीं त्यानंतर, १७८० मध्यें. अनुभव आधीं, अध्ययन मागून. हाच मार्शल १८०१ पासून १८३५ पर्यंत अमेरिकेचा सरन्यायाधीश होता.

तात्पर्य, उमेदवारास पगार देणें हा केवळ उदारपणा नव्हे. ज्या कागदावर मनुष्याचा जीव अवलंबून आहे तो कागद फावल्या वेळीं फुकट लिहून घेण्याजोगा नसतो, हें १७७५ च्या त्या ठरावानें मान्य केलें. जुने कागद जमविणारांनीं निवाड्याखालील मोठ्या सहीबरोबर वरील मजकूर कोणाच्या हातचा, आणि त्या हातास काय मिळत होतें, हेंहि तपासावें. निवाड्याची विश्वसनीयता पुष्कळदां तेथेंच ठरते.