थेम्स : पाहुण्या नौकांचा मुक्काम

थेम्स म्हटले की टॉवर ब्रिज, पार्लमेंटची इमारत आणि प्रवाशांनी भरलेल्या सहलीच्या बोटी डोळ्यांसमोर येतात. लंडनच्या पश्चिमेला, शहराच्या गजबजाटाबाहेर, या नदीचे एक वेगळे जग आहे. कुरणे, विलो वृक्षांच्या रांगा, दगडी पूल आणि जुनी बाजारगावे यांच्यामधून वाहणाऱ्या सुमारे २०० किलोमीटरच्या या टप्प्यात दर वर्षी हजारो लोक स्वतःच्या किंवा भाड्याच्या नौकांतून भटकंती करतात. दिवसभर होडी चालवल्यावर संध्याकाळी ती बांधायची कुठे, हा या भटकंतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर म्हणून नदीकाठी पाहुण्या नौकांसाठी मुक्कामाचे धक्के राखून ठेवलेले आहेत. हे धक्के, त्यांचे नियम आणि त्यांच्याभोवती उभा राहिलेला वाद यांची ही माहिती.

एक नदी, दोन कारभार

ग्लुस्टरशर परगण्यात उगम पावणारी थेम्स सुमारे ३४६ किलोमीटरचा प्रवास करून उत्तर समुद्राला मिळते. नौकानयनाच्या दृष्टीने तिचे दोन भाग पडतात. क्रिकलेडपासून टेडिंग्टनपर्यंतच्या गोड्या पाण्याच्या भागाचा कारभार एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहे. टेडिंग्टनच्या खाली भरती-ओहोटी सुरू होते आणि तेथून समुद्रापर्यंत १९०९ साली स्थापन झालेल्या पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा अंमल चालतो. इंजिनाच्या नौका साधारणपणे लेचलेड या छोट्या गावापर्यंत जाऊ शकतात. त्याच्या वर पाणी उथळ होत जाते आणि वल्ह्याच्या हलक्या होड्यांचे राज्य सुरू होते.

वरच्या भागाची व्यवस्था आजच्या संस्थेकडे येण्यापूर्वी अनेक हातांतून गेली. १८५७ साली थेम्स कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली आणि १८६६ मध्ये नदीचा वरचा भागही तिच्याकडे आला. रेल्वे आल्यावर मालवाहतूक घटली आणि नदीवर हौशी मंडळींची गर्दी वाढू लागली. या बदलाची दखल १८८५ च्या थेम्स प्रिझर्वेशन ॲक्टने घेतली. क्रिकलेड ते टेडिंग्टन या टप्प्यात मौजेसाठी नौका फिरवण्याचा सर्वांचा हक्क या कायद्याने मान्य केला. सहलीच्या ओघात वाजवी काळापुरते थांबण्याची मुभाही नौकेला मिळाली.

या मुभेला एक मर्यादा होती. पाण्यावर सर्वांचा हक्क असला, तरी काठ बहुतांश खासगी मालकीचा आहे. इंग्लंडच्या कायद्यानुसार काठाच्या जमिनीचा मालक सर्वसाधारणपणे नदीच्या तळाचाही मध्यापर्यंत मालक मानला जातो. त्यामुळे नदीतून जाणाऱ्याला अडवता येत नाही. पण मालकाच्या परवानगीविना त्याच्या काठावर खुंट ठोकता येत नाही की पाऊल ठेवता येत नाही. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या विनोदी पुस्तकात हा पेच गमतीने आला आहे. केम्प्टन पार्कजवळ झाडाखाली जेवायला बसलेल्या मित्रांना एक गृहस्थ येऊन, आपण परक्या जागेत शिरला आहात, असे बजावतो. पैसे मिळाले की तो निघून जाईल, हे ते मित्र ओळखून असतात. काठावर सार्वजनिक धक्के का हवेत, याचे उत्तर या प्रसंगात सापडते.

परवाना आणि लॉक

वरच्या थेम्सवर येणाऱ्या प्रत्येक नौकेची नोंदणी आवश्यक असते. कायम तेथे राहणाऱ्या नौकांची नोंदणी वार्षिक असते. कालव्यांतून किंवा समुद्राकडून येणाऱ्या पाहुण्यांना थोड्या दिवसांचा परवाना मिळतो. ऑक्सफर्डला ऑक्सफर्ड कालवा, रीडिंगला केनेट अँड एव्हन कालवा आणि शेपर्टनजवळ वे नदीचा जलमार्ग थेम्सला मिळत असल्याने अशा पाहुण्यांची ये-जा मोठी असते. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाहून थोडी अधिक आहे. नौकेने उठवलेल्या लाटांनी काठ ढासळू नयेत आणि बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे.

नदीच्या उताराची अडचण लॉकमुळे दूर झाली आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा मोठा हौद. नौका आत घेऊन एका बाजूचे दरवाजे लावायचे, पाण्याची पातळी दुसऱ्या बाजूइतकी होऊ द्यायची आणि मग पुढचे दरवाजे उघडायचे. शेजारच्या बंधाऱ्यामुळे वरच्या भागात नौकेला पुरेसे खोल पाणी टिकून राहते. खालच्या रिचमंड लॉकसह थेम्सवर अशी ४५ लॉक आहेत. त्यांतील टेडिंग्टनचे सर्वांत मोठे असून त्याचा मुख्य हौद सुमारे १९८ मीटर लांब आहे. त्याच्या शेजारीच छोट्या होड्यांसाठी एक अरुंद हौद असून त्याच्या आकारामुळे त्याला गमतीने ‘शवपेटी’ म्हणतात.

ऑक्सफर्डच्या वर किंग्ज लॉकपासून पुढचे दरवाजे आजही हाताने चालवले जातात; खालची लॉक यंत्रशक्तीवर चालतात. कामाच्या वेळेत लॉकचे कर्मचारी मदत करतात, एरवी नौकावाल्यांनी ते स्वतः चालवायचे असते. लॉकमध्ये इंजिन बंद ठेवावे लागते. दोर काठावरच्या खुंटाभोवती फिरवून त्याचे टोक हातात धरायचे असते. पाणी उतरत असताना तो घट्ट बांधून ठेवला, तर नौका दोराला लटकून कलंडू शकते.

लेचलेड ते टेडिंग्टन या प्रवासाचा हिशेब याच गोष्टींवर ठरतो. कमाल वेगानेही नुसते अंतर कापायला सुमारे २५ तास लागतात. त्यात ४४ लॉकचा प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांचा खोळंबा मिळवला, की रोज सहा तास नौका चालवूनही जवळपास आठवडा जातो. म्हणजे वाटेत सहा मुक्काम आले.

मुक्कामाचे प्रकार

हे मुक्काम चार प्रकारच्या जागी करता येतात. पहिला प्रकार एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या धक्क्यांचा. येथे सर्वसाधारणपणे पहिले २४ तास विनामूल्य थांबता येते. त्यापुढे शुल्क पडते आणि एकूण मुक्कामालाही मर्यादा असते. काही लॉकच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या परवानगीने रात्र काढता येते. मात्र लॉकमध्ये शिरण्यासाठी थांबणाऱ्या नौकांची जागा अडवता येत नाही.

दुसरा प्रकार गावांच्या नगर परिषदांचा. हेन्ली, वॉलिंगफर्ड, विंडसर अशा गावांत परिषदेच्या काठावर शुल्क भरून थांबता येते. हेन्लीला जुलैच्या सुरुवातीस रॉयल रिगाटा भरते. १८३९ साली सुरू झालेल्या या शर्यतींसाठी २,११२ मीटरचा सरळ मार्ग आखला जातो आणि त्या आठवड्यात आसपासच्या काठावर जागा मिळणे दुरापास्त होते. ॲबिंग्डन हे गाव मात्र पुलाजवळच्या कुरणालगत विनामूल्य मुक्कामासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. नौकेतून उतरलेले पाहुणे गावात जेवतात, खरेदी करतात. काठ मोकळा ठेवण्यात गावाचाही लाभ असतो.

तिसरा प्रकार नदीकाठच्या पबचा. तेथे जेवण घेणाऱ्या गिऱ्हाइकाला रात्रभर होडी बांधू देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मात्र आधी विचारणे हा शिष्टाचार समजला जातो. चौथा प्रकार मरीनांचा. स्टेन्सजवळच्या पेंटन हूकसारख्या मोठ्या मरीनात वीज, पाणी, इंधन आणि दुरुस्ती अशा सर्व सोयी पैसे भरून मिळतात.

ज्यांची स्वतःची नौका नाही, त्यांच्यासाठी भाड्याच्या होड्यांचा जुना व्यवसाय आहे. ऑक्सफर्डची सॉल्टर्स ही कंपनी १८५८ पासून, तर हेन्लीची हॉब्ज १८७० पासून नदीवर आहे. तासाभरासाठी वल्ह्याची होडी, दिवसासाठी छोटी मोटारबोट किंवा आठवड्यासाठी राहण्याची नौका असे पर्याय नदीकाठी उपलब्ध असतात. नौका ठरवताना तिची उंची विचारून घ्यावी. ऑक्सफर्डच्या ऑझ्नी पुलाखाली साधारण २.२८ मीटरचीच मोकळीक आहे. मोठ्या क्रूझर त्याच्या पुढे जाऊ शकत नाहीत आणि म्हणूनच त्याच्या वरची थेम्स शांत राहिली आहे.

पिण्याचे पाणी, कचराकुंड्या आणि नौकेतील शौचालयाची टाकी रिकामी करण्याची यंत्रणा ठरावीक लॉकवर असते. शौचालयाचे पाणी टेडिंग्टनच्या वर नदीत सोडण्यास सक्त मनाई आहे. सर्व सोयी प्रत्येक ठिकाणी नसल्याने निघण्यापूर्वी नकाशावर त्यांची ठिकाणे पाहून ठेवणे श्रेयस्कर.

पिवळी पाटी, लाल पाटी

पावसानंतर थेम्सचा प्रवाह किती जोर धरतो, हे वरून दिसत नाही. त्यासाठी लॉकवर पाट्या लावतात. प्रवाह वाढत असल्याची पिवळी पाटी दिसली, तर वल्ह्याच्या होड्यांनी निघू नये आणि इंजिनाच्या नौकांनी सुरक्षित जागा गाठावी. प्रवाह ओसरत असल्याची पिवळी पाटी असताना इंजिनाच्या नौका सावधपणे जाऊ शकतात. लाल पाटी म्हणजे कोणीही निघू नये. अशा वेळी बंधाऱ्याकडे ओढली गेलेली नौका सावरणे अत्यंत कठीण असते. नौका बांधतानाही तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे वरच्या बाजूस ठेवावे. पाण्याची पातळी बदलणार हे गृहीत धरून दोराला थोडी ढील द्यावी.

टेडिंग्टनच्या खाली

टेडिंग्टन ओलांडले की नदीचा स्वभाव पालटतो. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीची बातमी होते. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे सात मीटरपर्यंत फरक पडतो. १८९४ साली खुल्या झालेल्या रिचमंडच्या बंधाऱ्याचे दरवाजे भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन तास वर उचललेले असतात. एरवी लॉकमधून शुल्क भरून जावे लागते. १३.७ मीटर किंवा त्याहून लांब नौकांना व्हीएचएफ रेडिओ सक्तीचा आहे. पाहुण्यांसाठी थांबण्याच्या जागा येथे मोजक्या आहेत. टॉवर ब्रिजलगतचे सेंट कॅथरिन डॉक्स आणि त्यापुढचे लाइमहाऊस बेसिन येथे आधी जागा ठरवून, भरतीची वेळ साधूनच आत शिरता येते.

२० ऑगस्ट १९८९ रोजी ‘मार्शनेस’ ही सहलीची बोट वाळू उपसणाऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली आणि ५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशांतून सुरक्षाव्यवस्था बदलत गेली आणि २००२ साली टेडिंग्टन, चिझिक, टॉवर व ग्रेव्हसेंड येथे जीवरक्षक नौकांची केंद्रे सुरू झाली.

पाहुणा आणि ठाण मांडणारा

मुक्कामाच्या धक्क्यांवरील नियम साधा असला, तरी त्याच्या अंमलबजावणीवरून मोठा वाद आहे. लंडन आणि आसपासच्या घरभाड्यांमुळे अनेकांनी नौकेलाच घर केले. कायमस्वरूपी राहण्यासाठी परवानगी असलेल्या जागा थोड्या आणि महाग आहेत. त्यामुळे काही नौका २४ तासांच्या धक्क्यांवर आठवडे, महिने ठाण मांडून राहतात. देशातील कालव्यांवर फिरत्या नौकांना एका जागी साधारण १४ दिवस राहता येते. तसा दिलासा थेम्सवरच्या या धक्क्यांवर नाही.

नौकाविहार करणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. लॉक संध्याकाळी पार करून आलेल्याला धक्का भरलेला दिसला, तर अंधारात पुढे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सोबत लहान मुले असतील किंवा पाणी चढत असेल, तर ही गैरसोय धोक्यात बदलते. दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. नौकेवर राहणाऱ्यांत नोकरीवर जाणारे आणि वृद्ध लोकही आहेत. त्यांना हलवले, तर त्यांनी जावे कुठे, याचे उत्तर दंडाच्या पावतीत नसते. कोणाचे घर असलेली नौका हटवण्यासाठी न्यायालयाची वाट धरावी लागते आणि ती वाट लांबची आहे. नोंदणी शुल्कातून नदीच्या देखभालीचा पूर्ण खर्च निघत नसल्याने देखरेखीसाठी माणसे आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात.

अलीकडच्या वर्षांत नियमभंगावर खासगी कंत्राटदारांमार्फत देखरेख आणि वाढीव आकारणी असे उपाय योजले गेले. राहण्यासाठी अधिकृत जागा वाढवल्याशिवाय पाहुण्यांचे धक्के मोकळे होणार नाहीत, असा युक्तिवाद नौकानिवासी करतात. नियम पाळला गेला नाही, तर काठ सर्वांनाच बंद होईल, असे हौशी नाविकांचे म्हणणे असते. १८८५ च्या कायद्याने थांबण्याची मुभा दिली ती वाजवी काळापुरती. तो काळ किती, हे ठरवण्याचे काम आज नदीकाठच्या प्रत्येक धक्क्यावर नव्याने करावे लागत आहे. तोपर्यंत थेम्सवर जाणाऱ्या पाहुण्याने दुपारीच मुक्कामाची जागा शोधावी, एक पर्यायी धक्का मनात धरून ठेवावा आणि सकाळी वेळेत दोर सोडावा, हे उत्तम.