कांडी, माग आणि मजुरी



१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यास प्रोत्साहन लाभले. पुढे गाव यंत्रमागाचे झाले. परंतु मागावर बहुधा पुरुष उभा राहिला आणि स्त्रीच्या वाट्याला मुख्यतः कांडी भरणे आले. हातमागाच्या काळीही घरातील स्त्री कांडी भरीतच असे. तिच्या श्रमाचा वेगळा हिशेब नव्हता. तीच सवय कारखान्यात आली. कांडीवाचून धोट्याला काम नाही, तरी विणकरापेक्षा कांडीवालीची मजुरी कमीच राहिली.

कचेरीतील गोष्ट निराळी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील लघुलेखिका ऑड्रे डिकोस्टा यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीची आर्थिक अडचण ही सबब मानली नाही. सरकारी शाळेतही शिक्षक-शिक्षिकांची वेतनश्रेणी एकच असते.

मग कांडीवालीस न्याय का नाही? कारण कायदा सारख्या स्वरूपाच्या कामांची तुलना करतो. येथे कामच वेगळे वाटून दिलेले. २०१९ च्या वेतन संहितेतही तत्त्व तेच आहे.

म्हणून पालकहो, मुलीला शाळेत धाडाच, पण यंत्राचे शिक्षणही तिला खुले ठेवा. आणि घरात कांडी भरणाऱ्या आईची मजुरी आजपासून वहीत तिच्या नावाने मांडा.