घासांचा हिशेब : पाळीव कुत्र्यांमधला लठ्ठपणा कसा टाळावा

‘गुटगुटीत’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. बाळ गुटगुटीत असावं, वासरू गुटगुटीत असावं आणि घरातलं कुत्रंही तसंच असावं, अशी आपली धारणा असते. हा शब्द ज्या काळात रुजला त्या काळी बारीक असणं म्हणजे उपासमार किंवा आजार, एवढाच अर्थ होता. शेतावरच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ भाकरतुकडा मिळायचा आणि दिवसभर ते बांधावरून बांधावर धावायचं. त्याच्या अंगावर चरबी साठायला वावच नव्हता. आज तेच जनावर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसाचे अठरा-वीस तास पडून असतं. भाकरतुकडा मात्र कमी झालेला नाही, उलट त्यावर साय आली आहे. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर धापा टाकत उभ्या असलेल्या लॅब्रॅडॉरबद्दल मालक सांगतात, “थोडा गुटगुटीत आहे, पण तब्येत छान आहे.” या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

कुत्रं फ्रीज उघडत नाही, किराणा आणत नाही, ताट वाढून घेत नाही. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास कुणाच्या तरी हातून जातो. म्हणून हा आजार मुळात हिशेबाचा आहे. घरातले हात अनेक असतात आणि त्यांच्या घासांची बेरीज कुणीच करत नाही.

आधी लठ्ठ कशाला म्हणायचं ते ठरवू. आदर्श वजनापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त म्हणजे जादा वजन आणि २० टक्क्यांच्या वर म्हणजे लठ्ठपणा, अशी ढोबळ रेषा आहे. पण आदर्श वजन माहीत नसतं, तिथे जगभरचे पशुवैद्य १ ते ९ अशी शरीरस्थितीची मोजपट्टी वापरतात. ४ आणि ५ म्हणजे उत्तम. त्यापुढची प्रत्येक पायरी साधारण १० टक्के जादा वजनाची. ही मोजपट्टी डोळ्यांपेक्षा हातांनी चांगली वाचता येते. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. आता हात सरळ पसरून पालथ्या पंज्यावरून, बोटांच्या मुळाशी बोटं फिरवा. पातळ कातडीखाली हाडं सहज लागतात; कुत्र्याच्या बरगड्या अशाच लागायला हव्यात. तळव्याकडून तीच जागा चाचपली तर हाड शोधावं लागतं. बरगड्या इतक्या खोल गेल्या असतील तर वजन वाढलेलं आहे. शिवाय वरून पाहिल्यावर कंबर दिसावी आणि बाजूने पाहिल्यावर पोटाची रेषा मागे वर चढावी. पॉमेरेनियनच्या झुबकेदार केसांत यातलं काही दिसत नाही. त्याला आंघोळीला भिजवल्यावर पाहा. उलट कारवानी किंवा मुधोळसारख्या शिकारी कुत्र्यांच्या शेवटच्या काही बरगड्या दिसणं ही त्यांची मूळ ठेवणच आहे. त्यांना ‘भरवून’ लॅब्रॅडॉरसारखं करू पाहणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

हे एवढं गांभीर्याने का घ्यायचं? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या केल्या होत्या आणि जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. गटातल्या निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीसाठी कायमचे उपचार सुरू करावे लागले ते वय जास्त खाणाऱ्यांत १०.३ वर्षं होतं, कमी खाणाऱ्यांत १३.३. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच: जास्त खाणारा गट काही अजस्र नव्हता. मोजपट्टीवर त्यांची सरासरी सहा-सातच्या मध्ये होती. म्हणजे आपण ज्याला ‘थोडा गुटगुटीत’ म्हणतो, नेमका तोच. तेवढ्यासाठी पावणेदोन-दोन वर्षांचं आयुष्य गेलं.

चरबी नुसती ओझ्यासारखी पडून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं शरीरात सोडत राहते, त्यामुळे सांध्यांवर वजनाचा आणि दाहाचा असा दुहेरी मारा होतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं, पॉमेरेनियनची श्वासनलिका दबणं, भूल देताना धोका वाढणं ही यादी लांबवता येईल. पण महाराष्ट्रात सर्वांत आधी आठवावा तो उन्हाळा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं. चरबीचा थर उष्णता आत कोंडतो आणि छातीभोवतीची चरबी श्वास तोकडा करते. मे महिन्यातल्या दुपारी लठ्ठ पग फिरायला नेणं हा जीवघेणा प्रकार ठरू शकतो.

आता गणित. कुत्र्याच्या विश्रांतीतल्या उष्मांकांची गरज काढायची रीत सोपी आहे. किलोतलं वजन घ्या, त्याचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. साध्या कॅलक्युलेटरवर होतं. ७ किलोच्या पॉमेरेनियनसाठी हा आकडा ३०० कॅलरींच्या आसपास येतो. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या साधारण १.४ ते १.६ पट लागतात. फारच कमी हालचाल असेल तर त्याहूनही कमी. १.४ धरलं तर दिवसाला ४२० कॅलरी. त्यातला वरचा खाऊ १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे ४२ कॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २० कॅलरी असतात. दोन बिस्किटांत दिवसभराचा खाऊ संपला.

बऱ्याच घरांत पाच बिस्किटं सहज जातात. त्या १०० कॅलरी म्हणजे या जिवाच्या दिवसाच्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने पोटभर जेवून वर रोज जवळपास दोन वडापाव खावेत, तशी ही गोष्ट आहे. आणि एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० जादा कॅलरी पुरतात. गरजेच्या वर रोज फक्त ४० कॅलरी गेल्या तरी वर्षाला कागदावर पावणेदोन-दोन किलो होतात. वजन वाढेल तशी शरीराची गरजही थोडी वाढते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. पण ७ किलोच्या कुत्र्यावर एक किलोही फार असतो.

हा हिशेब घराघरांत कसा चुकतो, याचं एक उदाहरण देतो. ब्रूनो हा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ४१ किलो, मोजपट्टीवर ८. त्याचं आदर्श वजन ३२ च्या आसपास असायला हवं होतं. “आम्ही फार काही देत नाही हो,” असं घरातला प्रत्येक जण म्हणाला आणि प्रत्येक जण खरंच बोलत होता. मी सगळ्यांना वेगवेगळे कागद दिले आणि सांगितलं, एकमेकांचं न बघता, काल तुम्ही स्वतः त्याला काय दिलंत ते लिहा. कागद आले. दोन वेळचं डॉग फूड मिळून ११५० कॅलरी, हे ठीक होतं. आईंची सकाळची दूध-पोळी, १५०. आजोबांची दोन चहांबरोबरची सहा बिस्किटं, १२०. मुलाने दिलेली चीजची चकती, ६०. बाबांच्या रात्रीच्या ताटातलं चिकन आणि भात, १२०. घरकामाला येणाऱ्या मावशी टेबलाशी बसल्या नव्हत्या. त्यांना फोन केला तेव्हा कळलं, उरलेली एक चपाती रोज त्या देतात. आणखी १००. बेरीज १७००. गरज १३२०. खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, “डॉक्टर, त्याचं तोंड बघवत नाही हो. पायाशी येऊन बसतो.”

आजोबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण लॅब्रॅडॉरची भूक खरी असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पॉमसी नावाच्या जनुकाचा १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी साखळी त्यामुळे तुटते. अशा दर प्रतीमागे वजन सरासरी जवळपास दोन किलोंनी जास्त आढळलं. मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये या बदलाचं प्रमाण तीनचतुर्थांशांवर होतं. खाऊसाठी झटणारं कुत्रं लवकर शिकतं, हे त्यामागचं संभाव्य कारण. याच गटाने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: ही कुत्री दोन जेवणांच्या मध्ये अधिक भुकेली असतात आणि विश्रांतीत सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. भूक जास्त, खर्च कमी. असं कुत्रं पायाशी बसून वर पाहतं तेव्हा ते नाटक करत नसतं. पण त्याच्या भुकेवर अन्नाचं प्रमाण ठरवलं तर त्याला अंत नाही. अशा कुत्र्याच्या मालकाला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि त्याला आळशी ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

लठ्ठपणा वर्षभर सारख्या वेगाने वाढत नाही. काही वळणांवर तो झपाट्याने चढतो आणि प्रतिबंधाला खरी संधी तिथेच असते. पहिलं वळण नसबंदीचं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. नसबंदी जरूर करा; पण त्याच आठवड्यापासून अन्न साधारण चौथ्या हिश्शाने कमी करा आणि पुढचे चार-सहा महिने दर पंधरा दिवसांनी वजन करा. टाके काढायला आलेल्या मालकाला मी जखमेआधी हे सांगतो. दुसरं वळण वाढीच्या वयाचं. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरभरून खायला घातलं की ते भराभर वाढतं आणि कोवळ्या सांध्यांवर भार येतो. तिसरं वळण आपल्याकडचं खास, पावसाळ्याचं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत फिरणं निम्म्यावर येतं, ताटली मात्र तेवढीच राहते.

फिरण्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘जरा जास्त फिरवू, म्हणजे जिरेल,’ असं बहुतेक जण म्हणतात. ढोबळमानाने कुत्रं दर किलो वजनामागे एका किलोमीटरला एक कॅलरी खर्च करतं. ३० किलोचं कुत्रं तीन किलोमीटर चाललं तर ९० कॅलरी गेल्या. एका मध्यम पोळीत तूप लावलं तर त्याहून जास्त असतात. फिरणं स्नायूंसाठी, सांध्यांसाठी, मनासाठी हवंच, त्यात तडजोड नको. पण वजन ताटलीत ठरतं.

आणि ताटली मोजायची तर वाटीने नाही. मापाच्या कपाने डॉग फूडचे दाणे काढताना मालकांची चूक किती होते हे कॅनडातल्या एका अभ्यासात तपासलं गेलं: कुणी ४८ टक्के कमी काढले, कुणी १५२ टक्के जास्त. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा हे या कामातलं सर्वांत मोलाचं साधन आहे. डॉग फूडच्या पिशवीवरचा तक्ता सुरुवातीपुरता धरावा, तो तुमच्या कुत्र्याला पाहून छापलेला नसतो. घरचं शिजवून घालत असाल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्या. नुसता दहीभात किंवा दूध-पोळी हे कुत्र्याचं पूर्ण अन्न नव्हे. खाऊ हवाच असेल तर काकडी, गाजर, वाफवलेला लाल भोपळा यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे द्या. कुत्र्याला देण्याचा क्षण प्रिय असतो, तुकडा लहान असला तरी चालतो. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मात्र कधीच नको. दिवाळीच्या फराळातली तळणी आणि तुपातली मिठाई हा आणखी वेगळा धोका: तेलकट खाण्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्री अत्यवस्थ होतात.

अन्न मोजून देऊनही वजन चढत असेल, कुत्रं सुस्त झालं असेल, केस विरळ होत असतील, पाणी फार पीत असेल, तर रक्त तपासा. थायरॉइडची कमतरता किंवा कुशिंग हा आजार असू शकतो. स्टेरॉइडं आणि फिट्सवरचं फेनोबार्बिटल यांनीही भूक भडकते. मात्र ‘थायरॉइडच असेल’ असं मनाशी धरून बसू नये. बहुतेक वेळा उत्तर ब्रूनोच्या घरी लिहिले तशा कागदांतच सापडतं.

ब्रूनोसाठी आम्ही ३२ किलोच्या हिशेबाने दिवसाला साधारण ९४० कॅलरी ठरवल्या. नेहमीचंच अन्न इतकं कमी केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही तुटतात, म्हणून वजन उतरवण्यासाठीचं जास्त प्रथिनांचं आणि तंतुमय अन्न दिलं. गती आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, घाई नाही. आणि घरात एक स्टीलचा डबा ठेवला. सकाळी आई काट्यावर दिवसभराचे दाणे मोजून त्यात भरतात. ज्याला जे द्यायचं असेल त्याने त्या डब्यातूनच द्यायचं, मावशींनीसुद्धा. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आजोबांनी चहाची वेळ सोडली नाही. बिस्किटाऐवजी ते दाणे देतात, एकेक, तळहातावर. ब्रूनोला फरक पडलेला दिसत नाही.

आठ महिन्यांत तो ३३.४ किलोंवर आला आणि गाडीत स्वतः उडी मारून चढू लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन करून वहीत लिहायचं काम आजोबांकडे आहे. मुलगा त्याला उचलून काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, आजोबा वजाबाकी करतात. जुलैमध्ये पाऊस लागून राहिला, टेकडीवरचं फिरणं बंद पडलं आणि ऑगस्टच्या नोंदीत ३४.१ आले. त्यापुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे: पाऊस. डब्यातून रोज २० ग्रॅम कमी.