गॅलिलिओची चूक

विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा तास कुणाच्या तरी गळ्यात पडतो. मागे एकदा तो माझ्या, म्हणजे मराठीच्या मास्तराच्या, गळ्यात पडला. आणि त्या तासाला माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. पुढे मनाला टोचणी लागली म्हणून जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

गणित साधे होते. १० मीटर उंचीवरून नारळ सुटला, तर जमिनीवर आपटताना त्याचा वेग किती? हवेचा अडथळा सोडून दिला तर सेकंदाला १४ मीटर. मी विचारले, "आणि २० मीटरवरून?" मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठून म्हणाला, "२८!" दुप्पट उंची, दुप्पट वेग. मी म्हणालो, "अरे, नारळ तुझ्या डोक्यात पडला की काय?" वर्ग हसला. मुलगा खाली बसला, आणि त्यानंतर त्याचा हात काही वर आला नाही.

खरे उत्तर सुमारे १९.८. उंचीच्या प्रमाणात वेग वाढत नाही, वेगाचा वर्ग वाढतो. पण हे मला ठाऊक होते ते पुस्तकात छापलेले होते म्हणून!

गॅलिलिओ म्हटला की आपल्याला पिसाचा कलता मनोरा आठवतो. ती गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातली. ती घडली की नाही याबद्दल इतिहासकारांना शंकाच आहे. मनोऱ्याखाली उभे राहून वेग मोजणार तरी कसा? सेकंद दाखवणारे घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. म्हणून त्याने पडणेच संथ केले. लाकडी फळीला खाच पाडली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावले, फळी किंचित कलती ठेवून तीवरून काशाची गोळी सोडली. गोळी घरंगळत असताना भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडायची, आणि साठलेले पाणी तोलायचे. पाण्याचे वजन हाच काळ! दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते, तिप्पट वेळात नऊपट, हे असे हाती आले.

आणि तरीही तो चुकला. १६०४ च्या ऑक्टोबरात पादुआहून त्याने व्हेनिसच्या पाओलो सार्पी या मित्राला पत्र लिहिले. त्यात अंतर आणि काळ यांचा नियम अचूक आहे. पण त्याचे कारण म्हणून तो सांगतो, की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने काटलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट अंतर, दुप्पट वेग. मागच्या बाकावरचे उत्तर!

हे का चुकते, ते मराठीच्या मास्तरालाही कळते. सुटताना अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. आणि वेगच शून्य, तर अंतर वाढणार कधी? तसा नियम असता तर नारळ देठापाशीच लोंबकळत राहिला असता. वेग वाढतो तो काळाच्या प्रमाणात. गॅलिलिओला हे पुढे उमगले. १६३८ साली लायडन येथे त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ निघाला, तेव्हा तो आंधळा झाला होता आणि आर्चेत्रीला नजरकैदेत होता. त्या ग्रंथातल्या संवादात त्याने एका पात्राच्या तोंडून सांगून टाकले, की ग्रंथकर्ताही काही काळ याच भ्रमात होता. न सांगता भागले असते. पत्र काही सगळ्यांनी वाचले नव्हते.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, व्याकरणाचा तास बाजूला ठेवून, सांगितले. माझे बोलणेही परत घेतले. मुलगा खाली मान घालून वहीत काही खरडत होता. तास संपता संपता मागून आवाज आला, "सर, मग २८ वेग यायला नारळ ४० मीटरवर पाहिजे ना?"

मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो. उत्तर बरोबर होते.