कोयनेचा दिवा आणि रुळावरची पाच माणसं



परवा सूर्यास्ताआधी जेवणं उरकून दिव्याखाली तूरडाळ निवडत बसले होते. मुलगी कॉलेजचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. "आई, ब्रेक गेलेली ट्राम येतेय. सरळ गेली तर पाच माणसं मरतात, वळवली तर एकच. तू वळवशील?" फिलिपा फूट नावाच्या इंग्रज बाईंनी हा प्रश्न 1967 साली मांडला म्हणे.

मी म्हटलं, आपल्या जावळीत तो त्याआधीच सोडवून झाला होता. वळवणाऱ्यांनी वळवली.

मी मेढ्याची. आमचं किराण्याचं दुकान. बामणोलीकडची माणसं सातबाऱ्यासाठी तहसील कचेरीत यायची, परतताना गूळ-मीठ न्यायची. त्यातली एक आजी कायम म्हणायची, "आमचं चांगलं शेत पाण्याखाली हाय, वर नुसता खडक." मी लहान होते, मला वाटायचं पावसाचं पाणी. ती सांगत होती शिवसागराबद्दल.

कोयना धरणाचं काम 1950च्या दशकात सुरू झालं आणि पुढच्या दशकात पाणी अडलं. पाटण-जावळीची खोऱ्यातली गावं उठली. कोणी रायगड-ठाण्याकडे गेले, कोणी सोलापूर-सांगलीकडे, आणि बरेच नुसते डोंगरावर वर सरकले. वीजप्रकल्पाची क्षमता वाढत 1960 मेगावॅटवर गेली. बेंथमच्या हिशोबात हे चोख बसतं: हजारोंचं नुकसान, लाखोंचा फायदा. मिक्सर, पाण्याची मोटर, मुंबईच्या गिरण्या, सगळं त्या फायद्यात आलं. कांट मात्र अडतो. माणसाला केवळ दुसऱ्याच्या सोयीचं साधन करू नका, असं त्याचं म्हणणं. त्या आजीला कोणी विचारलं होतं का?

1967च्याच डिसेंबरात, 11 तारखेच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. सुमारे 180 माणसं गेली. धरणामुळे झाला की कसं, यावर जगभर अभ्यास झाले आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव आजही घेतात. ट्रामच्या गोष्टीत रूळ असे हलत नाहीत.

खरं वळण मला 1976च्या कायद्यात दिसतं. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि त्यात एक गोष्ट मान्य केली: ज्याच्या शेताला धरणाचं पाणी मिळतं, त्या मोठ्या बागायतदाराने थोडी जमीन विस्थापिताला द्यावी. म्हणजे लाभ घेणाऱ्याने वाटा उचलायचा. नुसत्या बेरजेपेक्षा हे मला जास्त पटतं. पण कोयनेची माणसं तोवर केव्हाच उठलेली. 2018 सालीही ती कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती.

आणि आता वाघ. वर सरकलेल्यांच्या डोंगरावर 1985 मध्ये कोयना अभयारण्य आलं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. इथे मी स्वतःच अडखळते. मुंगी चिरडू नये म्हणून वाट झाडणाऱ्यांचा आपला धर्म. वाघाची बाजू न घेऊन कसं चालेल? पण एकाच घराने दोनदा का उठावं, हा प्रश्न वाघाला विचारता येत नाही. लोक म्हणतात अनेकांतवादात सगळंच खरं असतं. तसं नाही हो. प्रत्येक बाजू बघायची, आणि जी बाजू आपल्याला अडचणीची तीही बघायची. तीच आपण सोडून देतो.

"मग तू वळवशील की नाही?" मुलीने परत विचारलं. मी म्हटलं, वळवणारी मी नव्हतेच गं. मी ट्राममध्ये बसलेय.

पर्युषणात आमच्या महिला मंडळात जीवदयेची पेटी फिरते. दरवर्षी बरी रक्कम जमते, पांजरपोळाला जाते. त्यातून वरच्या वाड्यांमधल्या मुलींच्या एसटी पासचे पैसे द्यावेत असं मी सुचवलं. सासूबाईंनी लगेच थांबवलं, आणि त्या बरोबर होत्या. जीवदयेचा पैसा माणसांवर खर्चता येत नाही, त्याला अनुकंपेचं खातं वेगळं लागतं. आमच्या मंडळात ते खातंच नाही. ते उघडायचा विषय पुढच्या बैठकीत मांडणार आहे. सासूबाई अनुमोदन देते म्हणाल्यात.