थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियम इम्प्लांट: दर्जा आणि उरलेली पावडर

तुमच्या खुब्याची वाटी, मणक्यांमध्ये बसवायचा केज किंवा कवटीची प्लेट थ्रीडी प्रिंटेड असेल, असे डॉक्टरांनी सांगितले की दोन शंका हमखास येतात. प्रिंट केलेला धातू मजबूत असतो का? आणि त्याची पावडर शरीरात सुटणार नाही ना? दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर प्रिंटिंगनंतर होणाऱ्या कामावर बरेच अवलंबून असते.

इम्प्लांट कसे बनते?

बहुतेक वेळा टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात. त्यात साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याची बारीक पावडर पातळ थरात पसरून लेसर किंवा इलेक्ट्रॉन किरणाने हवी तेवढीच वितळवली जाते. असे थरावर थर चढतात. लेसरच्या यंत्रात पावडरचे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतात. या पद्धतीने जाळीदार पृष्ठभाग बनवता येतो. त्याच्या छिद्रांत हाड वाढते आणि इम्प्लांट घट्ट बसते.

काय बिघडू शकते?

• आतल्या पोकळ्या: पावडर नीट वितळली नाही किंवा वायू अडकला, तर पोकळ्या राहतात. चालताना-वाकताना वारंवार ताण पडून तिथून तडा जाऊ शकतो.
• अडकलेली पावडर: जाळीच्या छिद्रांत सुटे किंवा अर्धवट चिकटलेले कण राहू शकतात. ते शरीरात सुटले तर आसपास दाह होऊ शकतो.
• शिंतोडे: वितळलेल्या धातूचे उडालेले थेंब उरलेल्या पावडरमध्ये मिसळतात. ही पावडर पुन्हा वापरली जाते. तिच्यात ऑक्सिजन वाढला, तर धातू ठिसूळ होतो.

दर्जा कसा राखतात?

लेसरने प्रिंटिंग आरगॉन वायूत आणि इलेक्ट्रॉन किरणाने निर्वातात केले जाते. उरलेली पावडर चाळून, तपासूनच पुन्हा वापरायची असते. तयार भागाला उष्णता देऊन आतला ताण कमी करतात. गरजेनुसार उष्णता आणि मोठा दाब एकत्र देऊन पोकळ्या बुजवतात. दाबाच्या हवेने आणि अल्ट्रासोनिक धुलाईने कण काढतात. सीटी स्कॅनने आतली तपासणी करता येते. लक्षात ठेवा, निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, पावडर निघत नाही. म्हणून स्वच्छता त्याआधीच व्हावी लागते.

डॉक्टरांना काय विचाराल?

१. हे इम्प्लांट कोणत्या उत्पादकाचे आहे? भारतात विक्रीचा परवाना आहे का?
२. ते ठरावीक मापाचे आहे, की माझ्यासाठी खास बनवलेले?
३. माझ्या आजारात नेहमीच्या इम्प्लांटपेक्षा याचा नेमका फायदा काय?

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटचे स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या. त्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवा. पुढे त्या बॅचमध्ये दोष आढळला, तर तुमचे इम्प्लांट त्यातलेच आहे का, हे त्यावरूनच कळते. टायटॅनियम असूनही एमआरआय करता येतो, पण इम्प्लांट असल्याचे तिथे आधी सांगा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, सूज आली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, किंवा हातापायात नवी बधिरता वा अशक्तपणा जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. या लक्षणांमागे बहुतेकदा जंतुसंसर्ग, इम्प्लांट सैल होणे किंवा नसेवरील दाब असतो. कारण तपासणीनंतरच कळते.